महाग पेट्रोलाने वेगवान गाडीची शक्ती वाढते काय?

या स्मरणिकेसाठी विज्ञान विभागाने एक अभ्यासलेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा विषयाचा शोध आम्हांस फार करावा लागला नाही. एक प्रश्न काही वर्षांपासून आमच्याकडे पडून होता. तो आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने विचारला होता आणि त्याला आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. अपुरे म्हणण्यापेक्षा ते अर्धे चूक होते, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

हा विद्यार्थी पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिला. पुढे वाहनचालकाचा परवाना काढून तो पुण्यातील एका व्यावसायिकाकडे चालक म्हणून लागला. मालकाकडे रोजच्या वापराच्या गाड्यांखेरीज टर्बो इंजिनाची एक परदेशी स्पोर्ट्स कार होती. एका शनिवारी तिच्यात पेट्रोल भरून आणण्यास त्याला सांगण्यात आले. इतर गाड्यांत भरतो तेच साधे पेट्रोल त्याने भरले. रविवारी मालक गाडी घेऊन घाटात गेले. चढावर गाडी नेहमीसारखी ओढेना आणि इंजिनातून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. परत आल्यावर चौकशी झाली, इंजिन खराब केल्याचा ठपका चालकावर आला आणि तपासणीचा खर्च पगारातून कापला जाईल, असे त्याला सांगण्यात आले.

रात्री त्याचा दूरध्वनी आला. "सर, महागडं पेट्रोल खरंच लागतं का? की साहेब उगीच बोलतात?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "पेट्रोल म्हणजे पेट्रोल. महाग पेट्रोल ही सगळी जाहिरात आहे. तुझी काही चूक नाही, असे साहेबांना नम्रपणे सांग."

त्याने तसेच सांगितले. साहेबांनी त्याला गाडीपाशी नेले, इंधनाच्या टाकीचे झाकण उघडले आणि आतली चिकटपट्टी वाचण्यास सांगितले. तिच्यावर किमान ऑक्टेन ९५, शिफारस ९८, असे छापलेले होते. त्या काळी पंपावरील साध्या पेट्रोलचा अंक ९१ होता. मुलाजवळ उत्तर उरले नाही. त्याने आमच्यावर विश्वास ठेवला होता.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी न तपासता उत्तर दिले, हा दोष आमचा. तो दूर करण्यासाठी त्यानंतर आम्ही जे वाचले, पडताळले आणि गणित मांडून पाहिले, ते या लेखात क्रमाने देत आहोत.

ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑक्टेन अंक जास्त असलेल्या पेट्रोलात ऊर्जा जास्त असते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ऑक्टेन अंक हा इंधनाच्या संयमाचा अंक आहे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडण्यापूर्वी आपणहून पेट न घेण्याची इंधनाची क्षमता त्यातून कळते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे इथेनॉल. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभरच्याही वर आहे. परंतु एक लिटर पेट्रोल जळाले असता सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलापासून सुमारे २१ मेगाज्यूलच मिळते. म्हणजे अंक जास्त आणि ऊर्जा एकतृतीयांशाने कमी. ज्या विद्यार्थ्यास ही एक गोष्ट नीट समजली, त्याला पुढचा सर्व विषय सोपा जाईल.

मग ज्या अंकात शक्तीच नाही, त्याचा स्पोर्ट्स कारच्या शक्तीशी संबंध येतो कसा? त्यासाठी इंजिनाच्या आत डोकावावे लागेल.

सिलिंडरमध्ये काय घडते

दट्ट्या खाली जातो तेव्हा हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. दट्ट्या वर येतो तेव्हा ते मिश्रण दाबले जाते. मूळ आकारमान दाबून किती पटींनी लहान केले, त्या प्रमाणास संपीडन गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर जितके मोठे, तितके त्याच इंधनातून अधिक काम काढता येते. ऊष्मागतिकीतील आदर्श ऑटो चक्राचे सूत्र वापरले, तर गुणोत्तर ८ असता कार्यक्षमता ५६.५ टक्के येते, १० असता ६०.२ टक्के आणि १२ असता ६३ टक्के. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच खाली येतात, परंतु वाढीची दिशा तीच राहते. शक्तिशाली गाडी बनवू पाहणाऱ्या अभियंत्याची ओढ म्हणूनच मोठ्या गुणोत्तराकडे असते. दुसरा मार्ग टर्बोचा. त्यात बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवून जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबली जाते, म्हणजे दाब आणखी वाढतो.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हा अनुभव आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. तीच क्रिया इंजिनात तीव्र रूपाने घडते. साध्या तापमानाची हवा दहा पटींनी झटकन दाबली, तर आदर्श गणितानुसार तिचे तापमान सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत चढते.

नंतर ठिणगी पडते. ज्योत ठिणगीपासून निघून कडेकडे पसरत जाते. तिच्या पुढे असलेले, अजून न जळलेले मिश्रण मागून येणाऱ्या गरम वायूंमुळे अधिकच दाबले व तापवले जाते. ज्योत तेथे पोहोचेपर्यंत ते थांबले, तर सर्व सुरळीत होते. ते थांबले नाही, तर कोपऱ्यातील मिश्रण एकाच क्षणी आपणहून पेट घेते, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातूवर बारीक हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यासच नॉकिंग म्हणतात. आपल्याकडील मेकॅनिक 'इंजिन टकटक करते' असे म्हणतो, ते हेच. सौम्य नॉकिंगने शक्ती घटते. तीव्र नॉकिंग दीर्घकाळ चालू राहिले, तर दट्ट्याचा माथा झिजतो, प्रसंगी त्याला भोकही पडते.

घाटाच्या चढावरच तो आवाज का आला, हेही आता कळते. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे कमी आणि भार जास्त असतो. सिलिंडर भरून येतो, ज्योतीपुढील मिश्रणास तापत राहण्यास वेळही जास्त मिळतो. सपाट रस्त्यावर शांतपणे चाललेल्या त्याच गाडीत तेच पेट्रोल कदाचित मुळीच वाजले नसते.

हा अंक ठरला कसा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत नॉकिंग हा मोटार उद्योगापुढील फार मोठा अडसर होता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो आणि अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेतील थॉमस मिजली यांनी त्यावर काम केले. इंधनांची तुलना करण्यासाठी मोजपट्टी हवी होती. ती ग्रॅहम एडगर यांनी १९२६च्या सुमारास सुचवली. चटकन नॉकिंग करणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला त्यांनी शून्य अंक दिला, तर दाब उत्तम सोसणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच नॉकिंग करीत असेल, तर त्याचा अंक ९१. ही तुलना आजही संपीडन गुणोत्तर बदलता येणाऱ्या एका सिलिंडरच्या प्रमाणित इंजिनावर केली जाते.

मोजण्याच्या रीती दोन आहेत. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर सौम्य परिस्थितीत चालवून मिळणारा तो रिसर्च ऑक्टेन अंक. ९०० फेऱ्यांवर, मिश्रण अधिक तापवून मिळणारा तो मोटर ऑक्टेन अंक. दुसरा अंक सहसा पहिल्यापेक्षा कमी भरतो. भारतात व युरोपात पंपावर पहिला अंक सांगतात. अमेरिकेत दोहोंची सरासरी सांगतात. त्यामुळे अमेरिकेतील ८७ म्हणजे आपल्याकडील अंदाजे ९१-९२, तेथील ९१ म्हणजे आपल्याकडील ९५-९६ आणि तेथील ९३ म्हणजे आपल्याकडील सुमारे ९८. परदेशी चित्रफिती पाहून 'त्या गाडीला ९१ चालते, म्हणजे आपल्या पंपावरचे ९१ चालेल' असा निष्कर्ष काढणारे अनेक आहेत. एकच आकडा, पण मोजपट्ट्या दोन. एककाशिवाय आकडा लिहिल्यास आम्ही उत्तरपत्रिकेत गुण का कापतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडले नाही.

ऑक्टेन वाढवण्याच्या या धडपडीची एक काळी बाजूही नोंदवली पाहिजे. मिजली यांना १९२१ साली टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलात अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास नॉकिंग थांबते, असे आढळले. १९२३ साली ते विक्रीस आले. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग तयार करणारे पाच कामगार विषबाधेने दगावले, तरीही त्याचा वापर अनेक दशके चालू राहिला आणि शिसे जगभरच्या शहरांच्या हवेत मिसळत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री २०००च्या फेब्रुवारीपर्यंत बंद झाली. जगात ती सर्वांत शेवटी २०२१ साली अल्जीरियात थांबली. आज ऑक्टेन वाढवण्यासाठी तेलशुद्धीकरणातील सुधारलेल्या प्रक्रिया आणि इथेनॉलसारखे घटक वापरले जातात.

आधुनिक इंजिनाचे कान

जुन्या गाडीत ठिणगी केव्हा पडावी, हे मेकॅनिक हाताने बसवून देई. चुकीचे पेट्रोल पडले, तर इंजिन वाजत राही आणि स्वतःचा बचाव त्याला करता येत नसे. आधुनिक गाडीचे तसे नाही. तिच्या इंजिनावर एक नॉक सेन्सर घट्ट बसवलेला असतो. त्यात दाब पडल्यास विद्युत्‌दाब निर्माण करणारा स्फटिकसदृश पदार्थ असतो. नॉकिंगच्या कंपनांची वारंवारता ठरावीक, साधारणतः काही हजार हर्ट्‌झ असते. ती ओळखू येताच गाडीतील संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. टर्बो असल्यास तो हवेचा दाबही उतरवतो. नॉकिंग थांबले की तो हळूहळू पूर्वपदावर येण्याचा प्रयत्न करतो, पुन्हा आवाज आल्यास पुन्हा मागे सरतो.

या कामाची सूक्ष्मता समजण्यासाठी एक हिशेब पाहू. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० फेरे झाले. एका फेऱ्यात ३६० अंश, म्हणजे सेकंदाला ३६,००० अंश. याचा अर्थ सेकंदाच्या एक हजाराव्या भागात दट्ट्याचा दांडा ३६ अंश फिरतो. मिश्रण जळण्यास थोडा वेळ लागत असल्याने दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. ती योग्य वेळेपेक्षा चार-पाच अंश उशिरा पडली, तरी दट्ट्यावरील दाबाचा उत्तम क्षण थोडा हुकतो. जी ऊर्जा चाकांपर्यंत जावयाची, तिचा काही भाग अधिक तापलेल्या धुराबरोबर बाहेर निघून जातो.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर उलगडू लागते. महाग पेट्रोल गाडीला शक्ती देत नाही. गाडीच्या रचनेत असलेली शक्ती वापरण्याची मुभा ते संगणकास देते. ज्या इंजिनास अशा मुभेची गरजच नाही, त्याला त्याचा उपयोगही नाही. म्हणजे प्रश्न पेट्रोलाचा एकट्याचा नाही. पेट्रोल आणि इंजिन यांच्या जोडीचा आहे.

मोजमाप काय सांगते

येथवर तर्क झाला. आता मोजमाप पाहू.

अमेरिकेतील 'ट्रिपल ए' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ साली साध्या पेट्रोलासाठीच बनवलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल भरून चाचण्या केल्या. शक्ती, इंधनखर्च आणि धूर या तिन्हींत उल्लेखनीय लाभ आढळला नाही. गरज नसताना महाग पेट्रोल भरून अमेरिकन चालक एका वर्षात २१० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वाया घालवतात, असा अंदाज संघटनेने त्या वेळी मांडला.

पुढील वर्षी संघटनेने दुसरी बाजू तपासली. ज्या गाड्यांचे निर्माते महाग पेट्रोलाची शिफारस करतात, परंतु सक्ती करीत नाहीत, अशा सहा गाड्या घेतल्या. त्यांत फोर्ड मस्टँग आणि माझ्दा एमएक्स-५ या दोन स्पोर्ट्स कारही होत्या. सरासरी शक्ती १.४ टक्क्याने वाढली आणि इंधनाची बचत २.७ टक्के झाली. मस्टँगची शक्ती सर्वांत जास्त, ३.२ टक्क्यांनी वाढली. एका लहान गाडीची तर किंचित घटलीच. त्या वेळी दोन्ही पेट्रोलांच्या किमतींत मात्र २० ते २५ टक्क्यांचा फरक होता. म्हणजे लाभ खरा, पण खर्चाच्या मानाने फार लहान.

लाभ मस्टँगमध्येच अधिक का दिसावा, याचे कारण तिच्या रचनेत आहे. इंजिन जितके दाबाच्या मर्यादेजवळ काम करते, तितका इंधनाच्या अंकाचा परिणाम मोठा. मस्टँग जीटीच्या २०१८च्या आवृत्तीत पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १२ आहे. तिची जाहीर केलेली ४६० अश्वशक्ती ही महाग पेट्रोलावर मोजलेली आहे. साधे पेट्रोल भरून तीच शक्ती मागणे रास्त नव्हे.

याहून बोलके उदाहरण डॉज चॅलेंजर डेमन या २०१८च्या गाडीचे आहे. पंपावरील महाग पेट्रोलावर तिची शक्ती ८०८ अश्वशक्ती आणि १०० किंवा अधिक ऑक्टेनच्या शर्यतीच्या इंधनावर ८४०. येथे ३२ अश्वशक्तींची, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांची वाढ होते. परंतु नुसते इंधन बदलून ती मिळत नाही. निर्मात्याने त्यासाठी वेगळा संगणक दिला आहे आणि चालकास कळ दाबून तशी आज्ञा द्यावी लागते. संगणकास सांगितल्याशिवाय शर्यतीचे इंधनही सामान्य इंधनासारखेच वागते.

एवढा फरक चालकास जाणवतो काय? एक गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास पाच सेकंद घेते, असे धरू. शक्ती १.४ टक्क्याने वाढली, तर हा वेळ ढोबळमानाने सेकंदाच्या सात शतांश भागाने कमी होईल. मनुष्याच्या जाणिवेस हा फरक टिपता येणार नाही. 'महाग पेट्रोल भरताच गाडी उडू लागली' असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याने जास्त पैसे दिलेले असतात आणि त्याचे मन त्या पैशांची परतफेड शोधत असते. म्हणूनच अशा चाचणीत टाकीत कोणते पेट्रोल आहे, हे चालकास कळू न देणे आवश्यक ठरते.

याउलट, साहेबांच्या गाडीतील फरक त्यांना स्पष्ट जाणवला, कारण परिस्थिती वेगळी होती. शिफारस ९८ची, किमान मर्यादा ९५ची आणि टाकीत ९१. टर्बो, चढ आणि भार यांची त्यात भर. संगणकाने ठिणगी मागे घेतली असणार आणि टर्बोचा दाबही उतरवला असणार. गाडी मंदावली, ती आजारी पडली म्हणून नव्हे, तर स्वतःला जपत होती म्हणून.

आपल्या गावचे पंप

आपल्याकडे 'प्रीमियम' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. एक प्रकार इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने मिसळलेल्या पेट्रोलाचा. त्याचा ऑक्टेन अंक साध्या पेट्रोलाइतकाही असू शकतो. दुसरा प्रकार खरोखर जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलाचा. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये मथुरेच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले. पहिल्या टप्प्यातील शहरांत मुंबई आणि पुणे ही होती. दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता, म्हणजे तेव्हाच्या साध्या पेट्रोलाच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा पंपावर विचारावयाचा प्रश्न 'प्रीमियम आहे का' हा नसून 'ऑक्टेन किती' हा आहे.

साध्या पेट्रोलाचेही रूप पालटले आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलाचा किमान अंक ९१ होता. त्यानंतर २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल देशभर आले. त्याच्या मानकात किमान अंक ९५ आहे. अंक वाढला, परंतु आरंभी सांगितल्याप्रमाणे इथेनॉलात ऊर्जा कमी असल्याने लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटली. ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा आता प्रत्येक पंपावर मिळतो. शिवाय गाडीच्या नळ्या व रबरी भाग इतके इथेनॉल सोसतात की नाही, हा तिसरा आणि स्वतंत्र प्रश्न. म्हणून टाकीच्या झाकणाआड ऑक्टेनबरोबर इथेनॉलाच्या प्रमाणाची खूण असल्यास तीही पाहावी.

आता स्पोर्ट्स कार बाजूला ठेवून आपल्या घरासमोरच्या मोटारसायकलीकडे येऊ. आमच्या पालकांपैकी बहुतेकांकडे शंभर-सव्वाशे सीसीची गाडी आहे. तिचे संपीडन गुणोत्तर नऊ-दहाच्या आसपास असते आणि ती साध्या पेट्रोलासाठीच बनवलेली असते. अशा बहुतेक गाड्यांत नॉक सेन्सरही नसतो. तिला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल दिले, तर त्या मुभेचा उपयोग करणारे तिच्यात कोणीच नाही. 'महिन्यातून एकदा भारी पेट्रोल पाजले की गाडी चांगली राहते' या समजुतीपायी मोलमजुरी करणारा पालक लिटरमागे जे जास्तीचे रुपये देतो, ते शक्तीच्या हिशेबाने व्यर्थ जातात. तेवढ्याच पैशांत वेळेवर तेल बदलले, हवेची जाळी स्वच्छ ठेवली आणि चाकात योग्य हवा भरली, तर गाडीस अधिक लाभ होईल.

आमचे दुरुस्त उत्तर

आता त्या रात्रीचा प्रश्न पुन्हा समोर ठेवू. महाग पेट्रोल खरेच लागते का?

झाकणावर जो किमान अंक छापलेला आहे, तो पाळणे आवश्यक आहे. ती शिफारस नसून अट आहे. त्याहून कमी अंकाचे पेट्रोल चुकून पडलेच, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. गाडी शांतपणे चालवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये, उंच फेऱ्यांवर नेऊ नये आणि टाकीत जागा होताच योग्य पेट्रोल भरावे. अनेक निर्माते आपल्या पुस्तिकेत असाच सल्ला देतात. किमान अंकाच्या वर जी शिफारस असते, ती पाळल्यास स्पोर्ट्स कारला थोडा, मोजता येण्याजोगा लाभ होतो. तो घ्यावा की नाही, हे मालकाने आपल्या खिशाकडे पाहून ठरवावे. आणि शिफारशीच्याही वरचे पेट्रोल भरून, संगणकाची रचना न बदलता, काही मिळवू पाहणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

या उत्तराने त्या प्रसंगी कोणाचे काय चुकले, तेही ठरवता येते. 'इंजिन खराब केले' हा साहेबांचा निष्कर्ष घाईचा होता. पुढे तपासणीत इंजिनाला काहीही इजा झालेली आढळली नाही आणि योग्य पेट्रोल भरल्यावर गाडी पूर्ववत चालू लागली. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत मिळाले, असे आमच्या विद्यार्थ्याने कळवले. झाकणावरील पट्टी न वाचणे ही त्याची चूक होती. ती त्याने स्वतःच मान्य केली. आता कोणतीही नवी गाडी हाती आली की पंपावर नळी हातात घेण्यापूर्वी तो झाकणाची आतली बाजू वाचतो आणि सोबतच्या चालकांनाही वाचावयास लावतो. सर्वांत मोठी चूक आमची होती. महाग वस्तू म्हणजे फसवणूक, हा ग्रह आम्ही मनात धरून बसलो होतो. महाग वस्तू म्हणजे उत्तम, या ग्रहाइतकाच तोही न तपासलेला होता. साहेबांनी दिलेले पैसे त्याला परत मिळाले. आमचे चुकीचे उत्तर परत घेणे मात्र राहून गेले होते. ते या लेखाने आम्ही घेत आहोत. स्मरणिकेची एक प्रत त्याला पाठवली जाईल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. घरातील किंवा शेजारच्या तीन वाहनांच्या टाकीच्या झाकणावर अथवा पुस्तिकेत कोणता ऑक्टेन अंक व इथेनॉलाचे कोणते प्रमाण लिहिले आहे, ते वहीत नोंदवा. माहिती न आढळल्यास तसेही लिहा.

२. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता सेकंदाच्या एक हजाराव्या भागात दांडा किती अंश फिरेल? हे उत्तर ६,००० फेऱ्यांच्या उत्तराशी ताडून पाहा आणि कमी फेऱ्यांवर नॉकिंगचा संभव का वाढतो, ते सांगा.

३. एका मोटारसायकलीत महिन्याला २० लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे ८ रुपये जास्त देऊन महाग पेट्रोल भरल्यास वर्षाला किती जादा खर्च होईल? तेवढ्या रकमेत वसतिगृहातील एका विद्यार्थ्यासाठी कोणते शालेय साहित्य घेता येईल, त्याची यादी करा.

४. 'महाग पेट्रोलाने मायलेज वाढते' हा दावा तपासण्यासाठी चाचणी आखा. रस्ता, वेग, भार व टायरमधील हवा समान कशी ठेवाल? टाकीत कोणते पेट्रोल आहे, हे चालकास कळू नये यासाठी काय कराल? एकाच फेरीवरून निष्कर्ष का काढू नये?

५. शिक्षकांनी वर्गात सांगितलेले एखादे विधान निवडा आणि ते स्वतः पडताळून पाहा. ते चूक आढळल्यास आम्हांस येऊन सांगा.